स्टुडिओतल्या काकांना, मनापासून

काका,

परवा निकाल लागला. प्रॉडक्शनला मार्क चांगले पडले, पण हे पत्र मार्कांसाठी नाही. त्या दुपारी तुम्ही जे केलंत ते कुणाला सांगायला गेले की अजून घसा दाटतो. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय. यंदा मास कॉमला येणाऱ्या पोरापोरींनीही हे वाचावं असं वाटतं.

बार्शीहून निघाले तेव्हा पुण्याबद्दल डोक्यात मोठं चित्र होतं. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तो इथेच, आगरकर त्याचे पहिले संपादक. आमच्या घरी सकाळ उजाडायची ती आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांनी. वर्गात आल्यावर पहिल्याच सेमला माझ्या ‘पानी’वर पोरं हसली. पोरांचं सोडा, शिकवणारेही हसले. “तू अँकरिंगच्या नादी लागू नकोस,” असा सल्ला मिळाला.

मग रेडिओ फीचरचा प्रोजेक्ट आला. मी कचरावेचक बायकांवर करायचं ठरवलं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे, तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि महापालिकेशी करार करून या बायका दारोदार कचरा गोळा करू लागल्या. यावर पुष्कळ लिहून झालंय, मान्य. पण एखादी बाई मधे कुणी न तोडता स्वतःचं सांगतेय, असं किती वेळा कानावर येतं? मला तेवढंच करायचं होतं.

माझ्या गाईडनी मोबाईलच्या स्पीकरवर अर्धं मिनिट ऐकलं. “साउंड बेकार आहे, दोन बाईट ठेव आणि बाकी व्हॉइसओव्हर मार.” म्हणजे त्या बाईंच्या बोलण्याचे दोन तुकडे ठेव, बाकी तूच बोल. जिथे इंटर्नशिप करत होते तिथले साहेब तर म्हणाले, या बायकांचं ऐकणार कोण? दोघंही लोकांपर्यंत पोचायचं कसं, यावर तासतासभर बोलू शकतात. समोर बसलेल्या मुलीचं पाच मिनिटं ऐकून घ्यायला मात्र त्यांना वेळ नव्हता. राग आहे मला त्याचा, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

मग तेच रेकॉर्डिंग घेऊन मी स्टुडिओत तुमच्याकडे आले. तुम्ही आधी पंखा बंद केलात. मला खुर्ची दिलीत. फाइल उघडायच्या आधी स्क्रीनवरचं नाव वाचलंत. सूचनेप्रमाणे रोल नंबर, विषय आणि पुढे ‘महिला ३’ असं ते होतं. तुम्ही विचारलंत, “बाईंचं नाव काय?” मी सांगितलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तुम्ही ‘महिला ३’ पुसून तिथे त्यांचं नाव टाइप केलंत. काना राहिला होता, तो परत जाऊन दिलात. मग हेडफोन लावून माउसवरचा हात काढून घेतलात आणि शेवटपर्यंत ऐकलंत. एकदाही पुढे ढकललं नाहीत.

एवढंच. पण तोवर सगळ्यांच्या तोंडी ‘त्या बाईचा बाईट’ हेच होतं. त्या बाईंना नाव आहे हे विचारणारे पहिले तुम्ही. (ते नाव इथे लिहीत नाही. फीचरसाठी त्यांची परवानगी घेतली होती, या पत्रासाठी नाही.)

नंतर फिल्टर लावून गाड्यांची घरघर कमी करून दिलीत. मागे काचेच्या बाटल्या वाजत होत्या, त्या मी काढायला निघाले तर म्हणालात, “राहू दे. बाटल्या काढल्यास तर त्या नुसत्या गप्पा मारत बसल्यात असं वाटेल.” दोन वर्षांच्या लेक्चरांत मला इतकं नेमकं कुणी शिकवलं नाही.

नव्याने येणाऱ्यांनो, तुम्हाला कॅमेऱ्याची, पीटूसीची (कॅमेऱ्याकडे बघून बोलायची) घाई असते. ती असू द्या. पण हेडफोन कानाला लावल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका. माणूस बोलायचं थांबला की लगेच रेकॉर्डर बंद करू नका, त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट तरी घ्या. एडिटला जोड झाकायला तोच कामी येतो. विद्यापीठात असाल तर जयकर ग्रंथालयात जाऊन बसायची सवय लावून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक असतं, तो एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहा. आणि तुमच्या बोलीवर कुणी हसलं तर बोली बदलू नका. मी ज्या बायकांशी बोलले त्या माझ्याशी मोकळ्या झाल्या त्या माझ्या बोलण्यामुळेच.

चांगुलपणाला पद लागत नाही, काका. तुमच्या दारावर नावाची पाटी नाही, प्रॉस्पेक्टसमध्ये तुमचा फोटो नाही. पण असे लोक प्रत्येक कॉलेजात असतात, लायब्ररीत, ऑफिसच्या खिडकीमागे, मेसमध्ये, आणि आमच्यासारखी बाहेरगावची पोरं त्यांच्याच जिवावर पुण्यात टिकतात.

फीचर पेन ड्राइव्हवर घालून त्या बाईंना नेऊन दिलं. त्यांच्या सुनेने मोबाईलवर लावलं, सगळी गल्ली गोळा झाली. तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, त्यांना एकदा जेवायला घेऊन ये. तेव्हा दिवस तुम्ही सांगा, आणायला मी येते.

तुमची,
बार्शीची पोरगी