चि. मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर पिल्लू शेजारी होती म्हणून गप्प बसले. बाबांना अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या बीपीचं तुला माहीत आहे. घटस्फोटाच्या कागदावर ताकेशीरावांची सही झाली, दोन्ही साक्षीदारांचीही झाली, उरली तुझी. आपल्याकडे कोर्टात वर्षं जातात, तुमच्या जपानात वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत तो कागद दिला की संसार संपला. म्हणूनच जीव घाबरतो. सही करू नकोस. निदान आत्ता नको.

नोकरी सोडून निइगाताला सासरी जा, असं मी सांगणार नाही. थोरल्याची बायको म्हणून सासऱ्यांचं सगळं तूच करायचं, हे त्यांच्या घरात कुणी न बोलताच ठरलंय. मी तुझ्या आजीचं केलं. शेवटी त्या "ही बाई कोण?" असं मलाच विचारायच्या. वन्सं दिवाळीला येऊन आजीच्या अंगावरची चादर नीट करून जायच्या. माझी बँकेतली नोकरी सुटली ती सुटलीच. तू जपानी भाषेची एन-वन परीक्षा पास झालीस तेव्हा मी अख्ख्या वाड्यात पेढे वाटले, ते तू घरी बसावंस म्हणून नाही.

पण ताकेशीराव वाईट नाहीत गं. तुझ्या बाळंतपणात इथे आले तेव्हा भांडी घासायला उभे राहिले होते. तोच माणूस वडिलांसमोर बसला की 'हो'शिवाय बोलत नाही. तिकडे चाळिशीनंतर सगळेच शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता भरतात, २००० सालापासून, घरी मदतनीस येते, हे तूच सांगितलंस ना? सासूबाईंना घरात परकी बाई नको असेल, तर त्यांची समजूत त्यांच्या मुलाने घालावी. तू का वाईट व्हायचंस? आणि हे तू त्यांना शांतपणे, चिडचिड न करता सांगायला हवं होतंस, तुझा आवाज लगेच चढतो.

झालं, लागले शिकवायला. रागावू नकोस. तू थकली आहेस, कळतं मला.

त्या फॉर्मवर मुलाचा ताबा कुणाकडे, हाही रकाना असतो. पूर्वी एकालाच मिळायचा. २०२४ मध्ये कायदा बदलला, १ एप्रिल २०२६ पासून दोघांचा ठेवता येतो. घाईत तो रकाना भरलास आणि पिल्लू तिकडे गेली तर? तुझा व्हिसाही बायको म्हणून आहे. उद्या आधी वॉर्ड ऑफिसात जाऊन 'फुजुरी मोशिदे' देऊन ये, म्हणजे तुझ्या संमतीशिवाय घटस्फोटाचा अर्ज ते घेणार नाहीत. ताकेशीराव तसं करतील असं मला वाटत नाही, पण त्यांच्या मागे माणसं आहेत. मग वकील गाठ. कुटुंब न्यायालयात मध्यस्थ बसतात, त्यांच्यासमोर दोघं बोला. रागाच्या भरात पिल्लूला घेऊन विमानात मात्र बसू नकोस, त्यातून नवी प्रकरणं उभी राहतात.

एवढं करूनही वेगळं व्हायचं ठरलं, तर मी तुझ्या बाजूने आहे. बाबांना मी बघते.

वकिलाची फी पाठवते, एक एफडी मोडली आहे. नको म्हणू नकोस. शनिवारी बाबा हास्यक्लबला जातात, आमच्या साडेसहाला, म्हणजे तुमच्या दहाला फोन कर. सही केली नाहीस, एवढं आधी सांग, मग बाकीचं बोल.

तुझी,
आई