पमे, किट नको, गाडीभाडं दे

प्रिय पमे,

तुझा मोठ्ठा मेसेज परवा रात्री वाचला, लगेच दोन ओळीत उत्तर टाकणार होते पण दोन ओळीत बसेना, म्हणून आज रविवारी मशीनला कपडे लावले आणि निवांत टाइप करत बसलेय, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन वाच. आधी हे सांगते की आप्पांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता ते 50,000 रुपये आमच्या एचआयव्ही असलेल्या लोकांसाठी द्यावेत असं तुला वाटलं, ते वाचून मला भरूनच आलं गं. आप्पांनी मला शाळेच्या दारापर्यंत सायकलच्या दांड्यावर बसवून नेलंय, तुझ्याइतकेच ते माझे होते.

पण तू जो बेत सांगितलास ना, शंभर जणांना पाचशे-पाचशेचं किट, त्यात तांदूळ तेल साखर, पिशवीवर आप्पांचा फोटो आणि एखादा हॉल घेऊन छोटासा कार्यक्रम, ते करू नकोस. रागावू नकोस, आधी ऐक. हॉलमध्ये शंभर माणसं जमली की बाहेरचा पानवालासुद्धा विचारतो कसला कार्यक्रम आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात कुणीतरी अगदी चांगल्या मनाने आमच्या लोकांना ब्लँकेटं वाटली, फोटो काढले, तो फोटो गावातल्या ग्रुपवर फिरला, आणि त्यातल्या एका बाईला घरमालकाने आठ दिवसात खोली खाली करायला लावली. ब्लँकेट होतं तिच्याकडे, छप्पर नव्हतं. मी तिचं सामान टेम्पोत चढवायला गेले होते, तिने ते ब्लँकेट घेतलंच नाही, तिथेच दारात ठेवून आली.

तू विचारलंयस की गोळ्या महाग असतील ना, त्यासाठी देऊ का. नाही गं, गोळ्या फुकट आहेत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात, फुकट मिळतात आणि आता तर बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यायची असते, तिच्यात तीन औषधं एकत्र. पूर्वी सीडी4, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, अमुक इतका खाली आला की मगच गोळी सुरू करायचे, 2017 पासून तसं राहिलं नाही, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सुरू. नियमित घेतली तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, इतका दबतो की टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही, आणि मग शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता पक्कं माहितीये. म्हणजे माणूस जगतो, काम करतो, लग्न करतो, म्हातारा होतो. आमच्याकडे एक आजोबा आहेत, वीस वर्षं झाली गोळीवर, नातवाच्या बारशाला मला बोलवून गेले.

हे सगळं लिहिताना मला मामा आठवतो. तुला आठवतोय ना माझा मामा, ट्रकवर होता, आला की आपल्या दोघींना लिमलेटच्या गोळ्या आणायचा. तो 1999 ला गेला. सगळ्यांना आम्ही टीबीने गेला म्हणून सांगितलं, तुलाही तेच सांगितलं होतं. टीबी होताच, ते खोटं नव्हतं, पण टीबी का झाला ते कुणी बोललं नाही. शेवटचे चार महिने त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं, ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि आई त्याला लांबूनच भाकरी सरकवायची. पाच वर्षं, पमे. आणखी पाच वर्षं तग धरला असता तर त्याला गोळी मिळाली असती. आईला मी दोष देत नाही, तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं, डॉक्टरनेसुद्धा नुसतं 'सांभाळून राहा' म्हटलं होतं. पण मी हे काम का धरलं असं तू मला दहा वेळा विचारलंयस आणि मी दहा वेळा काहीतरी उडवून लावलंय, तर हे त्याचं उत्तर.

तर गोळी फुकट आहे, मग माणसं गोळी सोडतात का? आमचं काम तिथूनच सुरू होतं. एआरटी सेंटरकडून आम्हाला यादी येते, तारीख होती पण कोण आलं नाही त्याची, आम्ही त्यांना मिस म्हणतो आणि जे तीनचार महिने आलेच नाहीत ते एलएफयू, म्हणजे संपर्कच तुटलेले. मग आम्ही ओआरडब्ल्यू, म्हणजे वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्या, घरोघर शोधत जातो. पत्ता म्हणजे काय, मारुतीच्या देवळामागे, टाकीजवळ, असाच. आणि जाताना कुठून आलो ते सांगायचं नाही, बचत गटाच्या बाई आहेत म्हणायचं, शेजारी बसली असेल तर कर्जाचं काहीतरी बोलायचं, आणि ती माणसं गेली की मग हळू विचारायचं की का आला नाहीत.

गेल्या थंडीत जतकडच्या एका बाईकडे गेले होते, नाव नाही सांगत, नवरा जाऊन सहा वर्षं झाली, दोन पोरं. द्राक्षाच्या टोळीत जाते. मला वाटलं गोळीचा त्रास होत असेल नाहीतर कुणी बाबाबुवाने काही सांगितलं असेल. तसं काही नव्हतं. डिपिंगचे, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायचे दिवस होते, त्या दिवसात टोळीतून एक दिवस गैरहजर राहिलं तर मुकादम दुसरीला घेतो आणि मग सगळा सीझन हातचा जातो. सांगलीला यायचं म्हणजे पहाटे निघायचं, दोन-अडीच तास गाडी, केसपेपर, कौन्सिलर, डॉक्टर, फार्मसी, आणि संध्याकाळी घरी. गेली दिवसाची मजुरी, वर गाडीभाडं, वर पोरासाठी काहीतरी खाऊ, कारण आई शहराला जाऊन आली आणि हात हलवत आली असं कसं चालेल. एक महिना चुकला, मग दुसऱ्या महिन्यात जायची भीती वाटायला लागली की तिथे ओरडतील, म्हणून तिसराही चुकला.

आता तू म्हणशील एसटीत सवलत असते ना. असते, एचआयव्ही असलेल्यांना साध्या गाडीत मोफत आहे, नियम खूप चांगला आहे. पण कागद कंडक्टरला दाखवायला लागतो, आणि तो कंडक्टर तिच्या दिराच्या शाळेतला. गाडीत अर्धं गाव बसलेलं. ती बाईंचं अर्धं तिकीट काढून येते, जे 2023 पासून सगळ्याच बायकांना आहे, त्यात कुणाला काही कळत नाही. बघ, सवलत असून ती घेता येत नाही. हे मला आधी डोक्यात आलंच नव्हतं, मी तिला फॉर्म भरून पास काढून दिला होता आणि स्वतःवर खूष होते. तो पास तिने शेवयांच्या डब्यात तळाशी ठेवलाय, गोळ्यांच्या बरोबर. गोळ्यापण बाटलीत नाही ठेवत, बाटली खुळखुळते आणि लेबल असतं, म्हणून चिंधीत बांधून.

तिचं आता मार्गाला लागलंय. ज्यांचा लोड दबलेला आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, ती थोडी पुन्हा सावरली की तिचंही तसं होईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं तर त्याशिवाय भागतच नाही, दिवाळीनंतर कोयता घेऊन गेलेला माणूस महिन्या-महिन्याला परत कसा येणार. 2022 मध्ये मात्र गोळ्यांचा तुटवडा झाला होता तेव्हा लोकांना थोड्या थोड्या दिवसांच्याच गोळ्या मिळायच्या, सारखं यावं लागायचं, तेव्हा दिल्लीत पॉझिटिव्ह लोकच स्वतः महिनाभराच्या वर धरणं धरून बसले होते. मला त्यांचं फार मोठं वाटतं. आपलं नाव, आपला चेहरा घेऊन रस्त्यावर बसायचं म्हणजे सोपं नाही.

आणि हे आपल्या सांगलीला नवीन नाही हं. तू आणि मी शाळेत होतो तेव्हा, 1992 ला, इथे मीना शेषू यांनी संग्राम ही संस्था सुरू केली, गोकुळनगरच्या वेश्यावस्तीतल्या बायकांबरोबर. कंडोम कसे वाटायचे, कुणाशी कसं बोलायचं हे त्या बायकांनीच हातात घेतलं आणि पुढे त्यांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. आपल्याला तेव्हा त्या रस्त्याने जायचंसुद्धा नाही असं घरी सांगायचे. मी कामाला लागल्यावर सुरुवातीला मला वाटायचं मी शिकलेली आहे, मी समजावून सांगेन. पण गोळीवर असलेली बाई नवीन बाईजवळ बसून 'माझंपण असंच झालं होतं' एवढं म्हणाली की जे होतं ते माझ्या तासभराच्या बोलण्याने होत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आता मी बोलतच नाही, दोघींना चहा आणून देते.

बरं, कागदांचं सांगते, कारण माझा निम्मा महिना त्यातच जातो. संजय गांधी निराधार योजनेत आमचे लोक बसतात, महिन्याला 1,500 रुपये. एकट्या बाईला 1,500 म्हणजे किराणा आणि लाईट बिल. पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे. तू हिशोब कर, महिन्याला 1,750. आज कुठल्या घरात महिन्याला 1,750 मध्ये भागतं? जी बाई मजुरीला जाते तिचं त्याच्यावर जाणारच, आणि जी इतकी खंगलीय की मजुरीलाच जाऊ शकत नाही ती तलाठ्याकडे चार चकरा कशा मारणार. म्हणून कुणीतरी सोबत जायला लागतं. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, सेंटरचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक, आधार लिंक आहे का, मग मीटिंग कधी होणार याची वाट, आणि मंजूर झालं की दरवर्षी हयातीचा दाखला. एका कचेरीत तर माझ्यासमोर क्लार्कने फाईल उघडून आजाराचं नाव मोठ्याने वाचलं, मागे लाईनीत पंधरा माणसं. माझ्याबरोबरचा पोरगा एकवीस वर्षांचा, आईवडील दोघंही गेलेले, तो तसाच वळला आणि बाहेर निघून गेला. मी आत जाऊन साहेबांना म्हटलं की 2017 चा कायदा आहे, परवानगीशिवाय कुणाचं हे सांगता येत नाही. साहेब चांगले होते, माफी मागितली, पण तो पोरगा त्यानंतर दीड महिना माझा फोन उचलत नव्हता. शेवटी त्याच्या बोराच्या गाडीवर जाऊन उभी राहिले, पाव किलो बोरं घेतली, काहीच बोलले नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, कधी जायचं मॅडम.

लहान पोरांसाठी बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागे महिन्याला 2,250, ती मात्र खरंच आधार देते, पोरं घरात राहतात, आजीकडे राहतात, लांब कुठे पाठवायला लागत नाहीत.

नुसतं दुःखाचंच नाही गं सगळं. गरोदर बाई वेळेत गोळीवर आली तर बाळ बहुतेक वेळा निगेटिव्हच निघतं. दीड महिन्याचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात, आणि पक्कं काय ते अठराव्या महिन्यात. गेल्या महिन्यात एकीच्या पोराची अठरा महिन्यांची टेस्ट आली. तिने सेंटरबाहेर मला बाजूला घेतलं, पदराखालून पाव किलो पेढ्यांचा बॉक्स काढला आणि म्हणाली, घरी कुणाला सांगता येत नाही ना कशाचे पेढे, म्हणून तुमच्यासाठीच आणलेत. आम्ही दोघींनी पार्किंगमध्ये उभं राहून सगळे पेढे संपवले, पोराला अर्धा भरवला.

आता पैशाचं. तू पंढरपूरच्या पालवीला देऊ का असंही विचारलंस, मंगलताई शहांनी जे केलंय ते फार मोठं आहे, पॉझिटिव्ह पोरांना घर दिलंय, तिथेही जरूर दे पण ते पुढच्या वेळी. या वेळी माझं ऐक. एका माणसाची एक खेप म्हणजे गाडीभाडं, दुपारचं जेवण आणि बुडालेल्या मजुरीतलं थोडंफार धरून मी 500 लावलेत. तीन महिन्यातून एकदा म्हणजे वर्षाच्या चार खेपा, 2,000 रुपये. तुझ्या 50,000 मध्ये पंचवीस माणसं वर्षभर येऊ शकतात. शंभर पिशव्या आठ-दहा दिवसात संपतील, आणि तांदूळ-गहू तर रेशनला मिळतोच, कमी पडते ती डाळ, अंडी, शेंगदाणे. म्हणून त्यातल्या चारपाच जणांना, ज्यांना टीबीपण आहे, त्यांना मी खेपेच्या पैशातून अंडी घ्यायला लावीन, एवढं मला ठरवू दे.

पैसे संस्थेच्या खात्यावर टाक, माझ्या नाही, पावती मिळेल. नावं तुला कळणार नाहीत, फोटो येणार नाही, आप्पांचं नाव कुठे छापलं जाणार नाही. पण दर तीन महिन्यांनी मी तुला एवढं कळवीन की पंचवीसातले किती आले. सगळे येतील असं मी कबूल करत नाही, दोनतीन तरी चुकतील, त्यांच्याकडे मी जाईन.

वहिनीला आणि भाऊला विचार, त्यांना कार्यक्रमच हवा असेल तर घरी जेवण घाला, मी येते वाढायला. मशीन थांबलीय, कपडे वाळत घालते. उद्या पहाटेच्या गाडीने जतला जायचंय, ती द्राक्षवाली बाई येणार आहे का ते बघायला, उद्या तिची तारीख आहे.

तुझी,
मंजी