मॉरिशसहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "समुद्र काय, दमणलाही आहे." इथला समुद्र देखणा आहेच, पण त्याच्यासाठी तुम्हाला बोलावत नाहीये. तुम्ही इथल्या राजधानीतला, पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे हिंदुस्थानातले मजूर बोटीतून उतरायचे तो धक्का, बघावा एवढीच इच्छा आहे.

बेटाला नाव दिलं डचांनी, ऊस वाढवला फ्रेंचांनी, आणि १८१० मध्ये ते घेतलं इंग्रजांनी. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली. मळ्यांवर राबायला माणसं हवीत, म्हणून आदल्या वर्षापासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर यायला लागले होते. पुरुषाला महिन्याला पाच रुपये, आणि एक खाडा झाला तर मजुरी दोन दिवसांची कापायची! बाबा, जन्मभर पगारपत्रकं केलीत तुम्ही, डोकंच फिरेल तुमचं. घाटाला दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून सुमारे साडेचार लाख माणसं या बेटावर आली, त्यांत रत्नागिरीकडचीही होती.

आमचा टॅक्सीवाला त्यांच्यातलाच. घरी क्रिओल, म्हणजे इथली फ्रेंचवरून आलेली बोली, बोलतो. मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे जपून, पुस्तकी बोलतो. आरती म्हणताना मात्र कुठे अडत नाही. आपल्या इंदुरी मराठीला पुण्याचे पाहुणे हसले की तू किती चिडतेस, आई! याला भेटलीस तर राग विसरशील. इंदूरला रामबागेत आपण ऐटीत सांगतो की पणजोबा होळकरांच्या दफ्तरात आले. ते लेखणी घेऊन आले, कुणी बोलावलं म्हणून आले. याचा पणजोबा करारावर अंगठा उठवून आला. तरी आज इथे गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि ही मंडळी कोकणातली जाखडीही नाचतात. मला आपली ऐट थोडी जास्तच वाटली.

खाण्याची काळजी नको. रस्त्यावर धालपुरी मिळते, चण्याच्या डाळीचं सारण भरलेली, म्हणजे गूळ वगळलेली पुरणपोळीच. फक्त सोबतची चटणी जपून.

मुंबईहून थेट विमान आहे, सहा-सात तासांचं. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, तेव्हा नकोच. २ नोव्हेंबरच्या सुमारास येऊ. मजूर पहिल्यांदा आले त्या दिवसाची इथे सुट्टी असते. आईचा गुडघा तोवर डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि दोघांच्याही पासपोर्टची मुदत बघून मला लगेच कळवा. तिकिटं मी काढते, पैशांवरून वाद घालायचा नाही.

तुमची,
चिकू