सिस्टर, तुमच्या त्या वहीसाठी

प्रिय सिस्टर,

काल सकाळी पाववाल्या पोदेराचा हॉर्न वाजला आणि मी उठेपर्यंत आई गेटवर पोचली पण होती, काठी न घेता. तिच्या गुडघा बदलायच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. तुम्हाला लिहायचं रोज ठरवत होते, काल ते बघितल्यावर मात्र राहवलं नाही.

आम्ही एक्सरे घेऊन तुमच्या घरी आलो तेव्हा फक्त एवढंच विचारायचं होतं की करावं की नको. तुम्ही बांबोळीच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं नोकरी केलेली, तुम्ही म्हणाल ते करायचं असं ठरवूनच आलो होतो. पण तुम्ही एक्सरे बाजूला ठेवला आणि आईला विचारलंत, गुडघा बरा झाल्यावर तुम्हाला काय काय करायचंय? मी बोलायला लागले तर तुम्ही माझा हात दाबलात. आई बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, गणेशचवथीला खाली बसून करंज्या, आपल्या नेवऱ्या, करायच्यात. मला हे माहीतच नव्हतं हो.

मग तुम्ही ती शाळेची वही काढलीत, एका पानावर एकच प्रश्न, मोठ्या अक्षरात, खाली उत्तरासाठी जागा मोकळी, कारण डॉक्टरच्या केबिनमधून बाहेर आलं की अर्धं विसरायला होतं. एक गुडघा की दोन्ही? आत्ता नाही केलं तर काय होईल? भूल कमरेतून की पूर्ण? रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची आणि कोण सांगणार, मनाने बंद करायची नाही. कुठला इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम सांधा, आणि का, आणि 2017 पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातलीय तर बिलात तो वेगळा दाखवणार ना? घरी आल्यावर पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर रात्री फोन कोणाला करायचा? हे शेवटचं मला कधीच सुचलं नसतं.

आणि दात! तुम्ही विचारलंत म्हणून आईने सांगितलं की मागची दाढ कितीतरी दिवस ठणकतेय, आमच्यापासून लपवलेलं तिने. सर्जननी ते ऐकल्याबरोबर तारीख पुढे ढकलली, तोंडातलं इन्फेक्शन रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतं म्हणाले, आधी दाढ, मग गुडघा. तेव्हा आम्ही वैतागलो होतो, आता विचार केला तरी काटा येतो.

डॉक्टर अजिबात चिडले नाहीत, उलट वही स्वतःकडे ओढून घेऊन गुडघ्याचं चित्र काढून दिलं. नेवऱ्यांचं आईने स्वतः विचारलं, आवाज कापत होता तिचा. ते म्हणाले, चालणं, जिने, देवळात जाणं सगळं होईल, पण मांडी घालून बसायचं धरून चालू नका, टेबल घ्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खरं काय ते आधीच कळलं.

तुम्ही सांगितलेले मांडीचे व्यायाम ती महिनाभर आधीपासून करत होती, न्हाणीघरात दांडा बसवला, पायपुसणी उचलली, संडासाला उंच सीट लावली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली ती.

काल संध्याकाळी दादाने टेबल बाहेर सोप्यावर आणून ठेवलंय, आई खुर्चीत बसून उंची बघत होती. चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी या, तुम्हाला पारी लाटायला बसवणार आहे म्हणे.

तुमची,
डिचोलीची मुलगी