आबा, नाव काढू नका

नॅशव्हिल, टेनेसी
मार्च २०२६

ति. आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

आईनं रविवारी फोनवर सांगितलं की भजनी मंडळाच्या वहीतून तुमचं नाव काढायला तुम्हीच सांगितलंत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार एकादश्या चुकल्या, मांडी घालता येत नाही, आणि देवापुढे सगळे खाली बसलेले असताना आपण खुर्चीवर बसायचं हे तुमच्या मनाला पटत नाही. नंतर तुम्ही फोनवर आलात, पण "जेवलो, गोळी घेतली" यापलीकडे काही बोलला नाहीत. म्हणून पत्र लिहितेय. पत्र तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता.

त्याच्या आदल्याच रात्री, शनिवारी, मी इथल्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री गाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते. कामावरच्या एका ताईंनी त्यांच्याबरोबर माझंही तिकीट काढलं होतं. त्यांचे वडील शेतकरी. शनिवारी रात्री घरातली बाकीची कामं आटपून रेडिओपुढे बसायचे आणि कुणाला बोलू द्यायचे नाहीत. ऐकताना मला आपली पडवी आणि तुमचा तो कातडी पिशवीतला ट्रान्झिस्टर आठवला.

ऑप्री हा मुळात रेडिओचाच कार्यक्रम. आता थिएटरात चार हजारांवर माणसं बसतात, तरी निवेदक बाजूला उभा राहून जाहिराती वाचतो आणि सगळं तिथूनच हवेत जातं. मागे लाल रंगाच्या धान्याच्या कोठाराचा देखावा. एकेक कलाकार येतो, दोन-तीन गाणी म्हणतो आणि जातो. कितीही मोठं नाव असो, रात्रभर एकट्याची मैफल नाही. परवा एक मुलगी पहिल्यांदाच तिथं गात होती, तिचा आवाज पहिल्या ओळीला थरथरला. तिच्यानंतर ऐंशी ओलांडलेले एक गायक आले. दोघांना तेवढीच दोन गाणी. एकाच फडावर नवा टाळकरी आणि जुना बुवा दोघांना एकेक अभंग मिळावा, तसं.

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती पहिल्या रात्रीची गोष्ट. २८ नोव्हेंबर १९२५. एका विमा कंपनीनं नुकतंच इथं डब्ल्यूएसएम नावाचं रेडिओ केंद्र काढलं होतं. जॉर्ज 'हे' अशा आडनावाच्या निवेदकानं त्या रात्री एका म्हाताऱ्या फिडलवाल्याला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मायक्रोफोनपुढे बसवलं. अंकल जिमी थॉम्पसन. पुतणी पियानोवर साथीला. म्हातारबुवा म्हणायचे, मला हजार चाली येतात. तासभर ते वाजवत राहिले, आणि त्या तासातून हा शंभर वर्षांचा कार्यक्रम उभा राहिला. आबा, त्यांचं वय तेव्हा ७७ होतं. तुमच्याएवढं. आणि ते खुर्चीत बसून वाजवत होते.

इथंही वही आहे. ऑप्रीचे सभासद असतात. अर्ज करून होता येत नाही, बोलावणं यावं लागतं. हल्ली बहुतेकदा असं करतात की कलाकार गात असताना एखादा जुना सभासद मंचावर येतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, आमच्यात येणार का? भले भले तिथंच रडतात. नुसत्या रेकॉर्डी खपल्या म्हणून हे बोलावणं येत नाही, आणि एकदा आलं की संपलं असंही नाही. परत परत येऊन गावं लागतं.

पूर्वी हा नियम फार कडक होता, आणि त्याला कारण होतं. १९३२ पासून या केंद्राची ताकद ५०,००० वॅट झाली. रात्रीच्या वेळी अर्ध्याहून जास्त अमेरिकेत ते ऐकू जायचं. रेडिओवर नाव झालं की आठवडाभर गावोगाव तंबू ठोकून खेळ करता यायचे. ऑप्रीचे एक गायक बिल मन्रो तर तंबूबरोबर स्वतःचा बेसबॉलचा संघ घेऊन हिंडायचे, दुपारी गावकऱ्यांशी सामना आणि रात्री गाणं. आपल्या तमाशाच्या फडांची जत्रेजत्रेची भटकंती आठवा. फरक एवढाच की यांना शनिवारी, कुठंही असले तरी, रात्रभर गाडी हाकून नॅशव्हिलला परतावं लागे. आणि शनिवार हाच बाहेर सगळ्यात जास्त कमाईचा दिवस. ऑप्रीचं मानधन त्यापुढे किरकोळ. १९६० च्या सुमारास वर्षाला २६ वेळा हजेरी लागायची. डिसेंबर १९६४ मध्ये ती भरली नाही म्हणून एकदम बारा जणांची नावं काढली. पुढे हा आकडा बराच खाली आणला गेला. मला वाटतं, ते बरंच झालं. पण नियमामागचं म्हणणं मला अजूनही पटतं: नाव मिरवायचं असेल तर या.

नावं काढण्याच्या आणखी दोन गोष्टी ऐका, कारण त्या मला रात्री झोपू देत नाहीत.

एक हँक विल्यम्सची. ११ जून १९४९ ला हा पोरगा पहिल्यांदा तिथं गायला आणि लोकांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तीनच वर्षांत दारूपायी त्याचे कार्यक्रम चुकायला लागले, ऑगस्ट १९५२ मध्ये त्याला काढलं. १ जानेवारी १९५३ ला तो गाडीच्या मागच्या सीटवर वारला. वय २९.

दुसरी डीफोर्ड बेली यांची. ती जास्त लागते. कृष्णवर्णीय माणूस, लहानपणी पोलिओ झालेला, अंगानं बारीक. माउथ ऑर्गनवर आगगाडी अशी उठवायचा की डोळे मिटले तर स्टेशनावर उभं असल्यासारखं वाटावं. ऑप्री हे नावसुद्धा त्याच्याच वादनाच्या आगेमागे पडलं. डिसेंबर १९२७ मध्ये एका रात्री यांच्या कार्यक्रमाआधी रेडिओवर शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला होता. तो संपल्यावर बेलीनं आपली गाडी वाजवली आणि निवेदक जॉर्ज म्हणाले, आत्तापर्यंत तुम्ही ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ग्रँड ओल ऑप्री ऐका. इतक्या मोठ्या कलावंताला दौऱ्यावर बाकीच्यांबरोबर हॉटेलात राहू देत नसत, एका टेबलावर जेवू देत नसत. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढची कितीतरी वर्षं त्यानं याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवलं. त्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय सभासद झाला तो थेट १९९३ साली, चार्ली प्राइड. मधली बावन्न वर्षं मी बोटांवर मोजली. आपल्या गावच्या दिंडीत मागे कोण चालायचं आणि पंगतीत कोण कुठं बसायचं, यावरून तुम्ही पंचांशी भांडला होतात. त्यासाठी लोकांनी तुम्हाला किती बोल लावले, ते आईनं मला सांगितलंय.

हजेरी न भरल्यानं, दारूनं, रंगावरून अशी नावं गेली, आबा. पण म्हातारपणानं मांडी घालता येत नाही म्हणून? लिटल जिमी डिकन्स म्हणून एक होते, उंची ४ फूट ११ इंच, १९४८ चे सभासद. ९४ वा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, २० डिसेंबर २०१४ ला, ऑप्रीच्या मंचावर आले. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला गेले. बिल अँडरसन १९६१ पासून सभासद आहेत, त्यांच्याएवढा काळ दुसरं कुणी राहिलेलं नाही. लोक त्यांचा आवाज तपासायला येत नाहीत. ते उभे आहेत एवढं पाहूनच लोकांचे डोळे भरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथली आतली जागा पाहायला पुन्हा गेले. आत सभासदांसाठी टपालपेट्या आहेत, प्रत्येकाच्या नावाची एक. आणि मंचाच्या मधोमध ६ फुटांचं लाकडाचं गोल. ऑप्री आधी रायमन नावाच्या जुन्या प्रार्थनागृहात व्हायची. १९७४ मध्ये नव्या जागेत जाताना तिथल्या मंचाची ओक लाकडाची फळी गोल कापून इथं बसवली. आपल्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसं काहीसं मला वाटलं. २०१० च्या मे महिन्यात नदीला पूर आला, मंचावर छातीभर पाणी चढलं. ते गोल काढलं, सुकवलं, आणि ऑगस्टअखेर पुन्हा जागच्या जागी बसवलं. २०२० मध्ये टाळेबंदीत प्रेक्षक नव्हते, तर रिकाम्या खुर्च्यांपुढे दोन-तीन कलाकार गायले, पण शनिवार चुकवला नाही. त्याच वर्षी माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि आपल्या देवळात तुम्ही चौघं तोंडाला रुमाल बांधून हरिपाठ म्हणत होतात. दादानं पाठवलेला तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे.

मला त्या गोलात उभं राहू दिलं. मी काही गायले नाही, मला गाता कुठं येतं? पण तुमची गवळणीची चाल मनात सुरू झाली.

तर एवढंच मागते. येत्या कामदा एकादशीला, २९ तारखेला, देवळात जा. दादाला सांगून ठेवलंय, तो गाडीवरून नेईल आणि घरची वेताची खुर्ची आधीच नेऊन ठेवेल. अख्खी रात्र बसू नका. एक अभंग आणि ती गवळण, बस्स. खाली बसलेल्यांना वाईट वाटेल असं तुम्हाला वाटतं, पण चाल कुणी धरायची म्हणून ते चार एकादश्या अडून बसलेत, हेही आईनंच सांगितलं. वहीवाल्या काकांनी तुमचं नाव अजून खोडलेलं नाही.

रविवार आहे, मला सुट्टी. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथं सकाळचे साडेदहा असतात. दादाला फोन लावून पेटीशेजारी ठेवायला सांगा.

आईला नमस्कार. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी