सड्यावर जाण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कोकणच्या सहलीची यादी नीट वाचली. आठ दिवस, चार जण आणि चौदा ठिकाणं. गणपतीपुळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा नकाशावर सरळ रेघेसारखा दिसतो, म्हणून ही यादी सोपी वाटते. प्रत्यक्षात मध्ये खाड्या आडव्या येतात, रस्ता खाडीशी उतरतो, पुन्हा सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर चढतो, आणि चाळीस किलोमीटरला एसटीचे दोन तास सहज जातात. यातली अकरा ठिकाणं खोडून टाक. कातळशिल्पांसाठी, म्हणजे कातळात कोरलेल्या चित्रांसाठी, कशेळी आणि देवाचे गोठणे, आणि किल्ल्यासाठी मालवण, एवढंच ठेव. चार रात्री कशेळी-आडिवरे भागात, दोन मालवणात, बाकीचा वेळ जाण्या-येण्याचा. मे महिन्यात कोकणातला दिवस ऊन आणि भरती या दोघांच्या हातात असतो. त्यांच्या कलानं बेत बांधलात तर ही तीन ठिकाणंसुद्धा पुरून उरतील.

आधी तिकिटांचं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मे महिन्यात चाकरमानी गावी जात असल्यानं कोकणच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. इथेच पुष्कळजण फसतात: शनिवारी रात्री घरून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता. त्यासाठी रेल्वेच्या तिकिटांचं ऑनलाइन खातं आधारशी जोडलेलं हवं, ते आजच करून ठेव. उतरा रत्नागिरीला. राजापूर रोड स्टेशन नावावरून जवळचं वाटतं, पण ते राजापूर गावापासून बरंच लांब आहे आणि तिथून कशेळीला जायला सोयीची गाडी मिळणं कठीण. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, आडिवरे असा किनाऱ्याजवळचा रस्ता सरळ तुमच्या मुक्कामाकडे जातो. एसटीत तुम्हा तिघी मुलींना अर्धं तिकीट पडेल. गाड्यांच्या वेळा मात्र फोनवरच्या जुन्या फोटोंवरून धरू नका. सुट्टीत शाळेच्या वेळच्या फेऱ्या अनेकदा बंद असतात. स्टँडवर कंट्रोलरला विचारा, आणि वस्तीची गाडी कुठल्या गावात मुक्कामाला असते तेही विचारून ठेवा; पहाटे तीच पहिली सुटते.

आता कातळशिल्पं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली जी ठिकाणं गेली त्यात कशेळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही राजापूर तालुक्यातलीच आहेत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या आहेत. चार वर्षं आर्किटेक्चर शिकताना तू जे मोजमाप शिकलीस ते इथे खरोखर कामाला येईल. फोटो काढून दहा मिनिटांत परत फिरू नका. या एका हत्तीचं मोजून चित्र करा, दोन सकाळी द्या.

खोदरेषा उथळ आहेत. सूर्य डोक्यावर आला की त्यांच्यातली सावली नाहीशी होते आणि समोर फक्त तांबूस जांभा उरतो. रेषा दिसतात त्या तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. उठाव यावा म्हणून कुणी रेषांत पाणी ओततं, खडू किंवा रांगोळी भरतं. ते करू नका आणि कुणी करत असेल तर नम्रपणे थांबवा. रंगाचे कण जांभ्याच्या भोकांत शिरले की निघत नाहीत. आकृतीवर पाऊल पडणार असेल तर बूट काढा. पाचोळा मऊ केरसुणीनं किंवा हातानं बाजूला करायचा, खरवडायचं नाही.

सामान एवढंच: ३० मीटरच्या दोन फिती, १०० मीटर नायलॉन दोरी, ओळंबा, होकायंत्र, २० सेंटिमीटरची काळीपांढरी पट्टी, एचबी आणि टू-एच पेन्सिली, आणि कापडाच्या आठ पिशव्या. पिशव्यांत किनाऱ्यावरची वाळू भरा आणि दोरीची टोकं त्यांनी दाबा. खडकात खिळा ठोकायचा नाही. सड्यावरचे सुटे दगडही वजनाला उचलू नका, त्याचं कारण पुढे लिहिते.

हत्तीभोवती २० बाय १५ मीटरचा चौकोन आखा. २० मीटरची बाजू आधी ताणा. तिच्या टोकाशी काटकोन डोळ्यांनी धरू नका. पाच अंशांची चूक दिसतही नाही, पण १० मीटरवर ती जवळजवळ ८७ सेंटिमीटरची होते आणि हत्तीचा पाय भलतीकडे जातो. २० आणि १५ या बाजूंचा कर्ण बरोबर २५ येतो, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर २५ मीटर भरेपर्यंत पिशवी सरकवत राहा. दोन्ही कर्ण तपासा. मग उरलेली दोरी दर मीटरला सरकवत चौकटी करा. दोघींनी फीत धरायची, एकानं आकडे मोठ्यानं वाचायचे, एकीनं कागदावर उतरवायचं. आकडा ऐकणारीनं तो परत म्हणून दाखवायचा, कारण वाऱ्यात ‘सात’ आणि ‘साठ’ सारखंच ऐकू येतं. दर तासाला जागा बदला. प्रमाण १:५० ठेवा. त्यात तो सगळा चौकोन ४० बाय ३० सेंटिमीटरचा होतो, म्हणजे ए-थ्री कागद तीन मिलिमीटरनं अपुरा पडतो. ए-टू न्या. वारा सुटला की फितीला पोट येतं आणि अंतर जास्त भरतं. तेव्हा फीत कातळाला टेकवून, पण ओढून मोजा.

देवाचे गोठणे इथे वेगळीच गंमत आहे. परशुराम मंदिराच्या वरच्या सड्यावर माणसाची आडवी आकृती आहे आणि तिच्याजवळ होकायंत्राची सुई भरकटते. तिथली उत्तर होकायंत्रावरून मांडली तर चित्र चुकणार. फोनमधलं होकायंत्रही चुंबकाचंच, त्यामुळे तेही उपयोगाचं नाही. सावलीवरून काढा. सरळ काठी ओळंब्यानं उभी धरा, तिच्या बुंध्याशी वाळूची पिशवी ठेवा. सकाळी साडेआठला सावलीच्या टोकाशी खूण करा आणि तेवढ्याच त्रिज्येचा दोरीचा गोल मांडा. संध्याकाळी सावलीचं टोक पुन्हा त्या गोलाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. दुसरी खूण साडेतीनला मिळेल असं समजून बसाल, पण ती साडेचारच्याही नंतर मिळते, कारण भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि तुम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला. तिथली खरी मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्या अक्षांशावर सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा असलात तर मुक्कामाच्या अंगणात साडेबाराला काठी उभी करून पाहा, सावली काठीखालीच नाहीशी होते.

या शिल्पांचं वय विचाराल तर गावोगाव वेगवेगळं उत्तर मिळेल. कोरणाऱ्यांनी गेंडा आणि पाणघोडा कोरलाय, जे आज कोकणात नाहीत, एवढं डोळ्यांनी दिसतं. नेमक्या काळावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वहीत तसंच लिही. विजयदुर्ग तू यादीत घातलास तो ‘हेलियमचा शोध इथे लागला’ म्हणून, पण ते तपासून घ्यायला हवं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननं निरीक्षण केलं ते आंध्रातल्या गुंटूरहून, आणि या शोधाशी ज्याचं नाव जोडतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्यानं आपलं निरीक्षण ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय केलं. विजयदुर्ग बघण्याजोगा किल्ला आहेच, तो पुढच्या वेळी स्वतंत्र दोन दिवस काढून बघ. कशेळीतच कनकादित्याचं सूर्यमंदिर आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे ११९१ सालचा, कशेळीचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. दुपारचे तास अशा सावलीतल्या जागांसाठी ठेवा.

कारण अकरा ते चार उन्हात राहायचंच नाही. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. पारा ३४ दाखवत असला तरी शरीर तापत जातं. सड्यावर झाड नाही, कातळ खालून भाजतो. माणशी तीन लिटर पाणी हवं. नुसतं पाणी पीत राहिलात तर मीठ कमी पडून डोकं दुखतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून एक बाटली वेगळी ठेवा, किंवा कोकम सरबतात मीठ घालून न्या. कुणाला मळमळ सुरू झाली, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर काम तिथेच सोडून सावली, ओला कपडा, वारा. चित्राची चौकट दुसऱ्या दिवशीही आखता येते.

सुटे दगड उचलू नका म्हटलं ते फुरशासाठी. जांभ्याच्या सड्यावर हा साप दगडाखाली, गवताच्या बुडाशी बसतो, रंगानं मातीत मिसळून जातो. घोट्याच्या वर येणारे बूट, अंधारात बॅटरी, आणि न बघता हात कुठेही घालायचा नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. तो भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिविष तिथे असतं. सड्यावर फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून गाडीवाल्याला थांबवूनच वर जा आणि नकाशा आधी उतरवून ठेवा. दुसरी भीती वळवाची. दुपारनंतर पूर्वेला काळं जमलं, गडगडलं, की उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. फिती टाकून खाली घरात किंवा बंद गाडीत जा. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर घेऊन ठेव.

भरतीसाठी कोकणातला जुना हिशेब तुला येऊ दे: तिथीचे पाऊणपट तास. एकादशीला ११ चे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, अडीचच्या सुमारास, ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडून बघ, पण कॅलेंडरवरच्या तिथीवरून भरती सांगता येणं हे शिकण्यासारखं आहे. रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार वर चढतं आणि तितकंच मागे हटतं. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाण्याची हालचाल कमी. खडकांतली डबकी, खेकडे, शंख बघायचे तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरा. पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, कालवांची धार ब्लेडसारखी असते. पाणी फिरलं की लगेच परत यायचं, कारण मागची वाट आधी बुडते.

पोहण्याबद्दल तुला आणि तुझ्या मित्रालाही स्पष्ट सांगते. जीवरक्षक नाही तिथे गुडघ्यापलीकडे पाणी नको, ओहोटी लागल्यावर तर नकोच. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा गुळगुळीत, गडद दिसतो आणि तिथेच उतरावंसं वाटतं. तीच ओढ, पाणी तिथून खोल समुद्रात परत जात असतं. कुणी सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजायचं नाही, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे वळायचं. वाचवायला दुसऱ्यानं उडी मारायची नाही, दोरी किंवा रिकामा कॅन फेकायचा.

मालवणला जायला आडिवऱ्याहून राजापूर, तिथून कणकवली, तिथून मालवण. सिंधुदुर्गाला मे अखेरीस बोटी बंद होतात, म्हणून तुमच्या तारखा २० मेच्या आत बसव. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालेला हा किल्ला जुलै २०२५ पासून जागतिक वारशात आहे. आत जाताना दरवाजा शोधायला लागतो तो का, याचा तलविन्यास काढून बघ: दोन बुरूज एकमेकांना असे झाकतात की समुद्रावरून दार दिसत नाही. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही बघ, चारी बाजूंना खारं पाणी असताना.

पैशांसाठी एकच पाकीट करा, चौघांनी सारखे टाकायचे आणि रोज रात्री जेवल्यावर मोजायचे. शेवटच्या दिवशी हिशेब काढायला बसलात की मैत्रीत कडवटपणा येतो. नोटा सुट्ट्या न्या. आणि एक अख्खी दुपार चौघांपैकी कुणीही काहीही ठरवायचं नाही, झोपायचं, पत्ते खेळायचे.

घरी आंबे आणणार असशील तर ज्यांच्याकडे राहाल त्यांच्याच बागेतले चौदा आण्यांचे, म्हणजे पूर्ण भरलेले पण अजून न पिकलेले, देठासकट उतरवलेले घे. पिकलेले घेतलेस तर गाडीतच पाणी सुटेल. पेटीत पेंढा घाल, एका थरावर दुसरा दाबू नकोस. ड्रॉइंगची घडी घालायची नाही, गुंडाळून पीव्हीसी पाइपात ठेव, दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांध. परतीच्या गाडीत पाऊस लागू शकतो. पाइप वरच्या बर्थवर, पेटी खाली.

तुझी,
आई