पोळी सोडण्याआधी

गंगापूर रोड, नाशिक
१८ नोव्हेंबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. गहू बंद, तांदूळ बंद, सगळ्या डाळी बंद, दूध-दही बंद, टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, शेंगदाणे, तीळ सगळं बंद. वर नाव ‘आतड्याची सूज उतरवणारा आहार’. तीन महिने करणार म्हणतोस, तेही सोमवारपासून. कृपा करून सोमवारी सुरू करू नकोस. फोनवर सांगितलेलं ओट्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मं विसरतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट तपासण्यांची. सीलिअ‍ॅकसाठी, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजारासाठी, टीटीजी नावाची रक्ततपासणी असते. त्या आजारात ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं, ती ही तपासणी मोजते. ग्लूटेन थांबलं की ही प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात, आणि मग आजार असूनही अहवाल साफ येऊ शकतो. त्यामुळे ही तपासणी रोजची पोळी चालू असतानाच करायची. सोबत हिमोग्लोबिन आणि शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करून घे. आतड्यात खरी सूज असेल तर कॅलप्रोटेक्टिन वाढतं; नुसत्या आयबीएसमध्ये, म्हणजे सूज नसताना होणाऱ्या पोटाच्या जुनाट तक्रारीत, ते सहसा वाढत नाही. शौचातून रक्त, आपोआप उतरलेलं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं एकही असेल तर आहाराचा विषय बाजूला ठेव आणि थेट पोटविकारतज्ज्ञांकडे जा. आपल्या देशात आतड्याचा क्षय आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. भाज्या बदलून हा घोळ सुटत नाही. चालू औषधंही स्वतःहून थांबवायची नाहीत.

आता तुझी यादी. ती ऑटोइम्यून प्रोटोकॉलची आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते अशा आजारांसाठी सुचवल्या जाणाऱ्या आहाराची. तिच्यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे: आतड्याच्या सुजेचे १५ रुग्ण, सहा आठवड्यांनी त्यांतल्या ११ जणांची लक्षणं शमली. आशादायक आहे, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि अनेकांची औषधं चालूच होती. शिवाय हा आहार मांस-मासे खाणाऱ्यांसाठी बेतलेला आहे. तू शाकाहारी. डाळ, दूध, धान्य, दाणे एकदम काढले तर तुझ्या ताटात प्रथिनं येणार कुठून? जिरं, मोहरी, धने, मेथी ही सगळी बियांमध्ये मोडतात, म्हणजे फोडणीसुद्धा गेली. तीन महिन्यांत सूज उतरो न उतरो, तू मात्र नक्की उतरशील.

कडक आहार म्हणजे जास्त गुणकारी, हेही खरं नाही. क्रोन्सच्या १९४ रुग्णांवर २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सगळी धान्यं आणि साखर वगळणारा कडक आहार, निम्म्यांना भाज्या-फळं-कडधान्यं-ऑलिव्ह तेलाचा साधा भूमध्यसागरी आहार. सहा आठवड्यांनी आराम पडलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, साधारण ४६ आणि ४४ टक्के.

तू सांगितलेली लक्षणं म्हणजे जेवणानंतर तासा-दोन तासांत पोट फुगणं, गुडगुड, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. अहवाल साफ आले तर हे आयबीएसकडे झुकतं, आणि त्यासाठी फॉडमॅप कमी करण्याचा आहार जास्त अभ्यासलेला आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तो विकसित झाला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या काही साखरा. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात जीवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. या त्या साखरा: गहू, कांदा, लसणातलं फ्रुक्टान, कडधान्यांतलं जीओएस, दुधातलं लॅक्टोज, आंबा-मधातलं जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर-मशरूममधलं मॅनिटॉल. आता गंमत बघ, तुझ्या यादीत रताळं, फ्लॉवर, मशरूम, कांदा, लसूण मनसोक्त चालतात आणि भात वर्ज्य आहे. इथे नेमकं उलट. दोन्ही याद्या एकत्र केल्यास तर खायला काही उरणारच नाही, आणि बरेच लोक नेमकं तेच करतात.

एक स्पष्ट सांगतो: हा आहार लक्षणं कमी करतो, सूज उतरवत नाही. आणि तो मुदतीचा आहे. पहिला टप्पा दोन ते सहा आठवडे, बस. त्याहून लांबवला तर आतड्यातले उपयोगी बायफिडोजीवाणू घटतात, कारण त्यांचं अन्नच आपण काढून घेतलेलं असतं. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर हा रस्ता तुझा नाही असं समजायचं आणि नेहमीचं जेवण परत सुरू करायचं.

मग खायचं काय? आपल्या घरांत याचं निम्मं उत्तर आधीच आहे. चातुर्मासाचा कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक आणि उपासाचं ताट आठव. भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर. नाशिकात भगरीच्या गिरण्याच आहेत, त्यामुळे ताजी भगर मिळायला अडचण नाही. दाण्याचा कूट मात्र एका वेळी मूठभर दाण्यांचा, साधारण ३० ग्रॅम, आणि उपासाचं म्हणून रताळं-खजूर ताटात येऊ देऊ नकोस.

रोजच्याला भात, ज्वारी, बाजरी, नाचणी. इंद्रायणी घोटी-इगतपुरीकडचा घे, नाचणी त्र्यंबक-पेठकडची चांगली मिळते. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आण. जुनं झालं की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मग लोक चिकटपणासाठी त्यात गव्हाचं पीठ मिसळतात. त्याऐवजी आधणाच्या पाण्यात उकड काढून मळ. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं. टीटीजी पॉझिटिव्ह आली तर मात्र गिरणीत गव्हामागोमाग दळलेलं पीठही चालणार नाही. एरवी तेवढ्या अंशाने बिघडत नाही.

भाज्यांत गाजर, काकडी, पालक, वांगं, भेंडी, फरसबी, बटाटा, एखादा टोमॅटो. भेंडी-फरसबी-वांगं एका वेळी वाटीभरच. आणि चालणाऱ्या चार भाज्या एकाच जेवणात भरपूर घेतल्यास तरी बेरीज होऊन त्रास होतोच. अनेकांची गाडी इथेच अडते: यादी पाळली, प्रमाण पाळलं नाही.

कांदा-लसणाचं थोडं बारकाईने. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. म्हणून आमटीत अख्खा कांदा टाकून नंतर काढून टाकणं फुकट आहे, जे यायचं ते रश्श्यात उतरलेलं असतं. तेलात मात्र जमतं. अर्धी वाटी तेल मंद आचेवर तापवून त्यात लसणाच्या सात-आठ सोललेल्या पाकळ्या सोनेरी होईपर्यंत परतायच्या, मग तेल गाळून पाकळ्या टाकून द्यायच्या. वास-चव सगळी तेलात येते. हे तेल बाहेर ठेवायचं नाही. लसूण-तेलात बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जीवाणू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेव, तीन दिवसांत संपव. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग बिनधास्त वापर, पांढरा गड्डा नाही. हिंगाने बरीच उणीव भरून निघते, पण डबीवरचे घटक वाच: बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा घे. काळ्या मसाल्यात बहुधा भाजलेला कांदा आणि लसूण असतात आणि कांदा-लसूण मसाल्याचं तर नावच पुरेसं आहे. दोन्ही पाकिटं सहा आठवडे वरच्या फळीवर.

डाळ पूर्ण सोडू नकोस. मुगाची डाळ चार तास भिजव, ते पाणी ओतून दे, नव्या पाण्यात शिजव. जीओएसही पाण्यात उतरतं, म्हणून भिजवलेलं पाणी वापरायचं नाही. शिजलेली डाळ लहान वाटीभर. मोड आलेले मूगही तेवढेच. मोड येताना बीज त्या साखरा स्वतःच वापरतं.

ताकावरून काकूंशी वाद घालू नकोस, पण हिशेब माहीत असू दे. विरजण लागलं तरी दह्यात बरंच लॅक्टोज राहतं, आणि घुसळल्याने ते जात नाही. पाव वाटी दह्याचं पेलाभर ताक केलं तर लॅक्टोज पाव वाटी दह्याचंच राहतं. तेवढं अनेकांना पेलतं. चक्क्यात कमी असतं, निवळीबरोबर ते निघून जातं. तुपात जवळजवळ नसतंच.

फळांत संत्रं, पपई, अननस आणि थोडं कच्चटच केळं. पिकून काळे ठिपके पडलेलं नको. आंबा, सफरचंद, कलिंगड, सीताफळ थांबव. द्राक्षांबद्दल सांगताना मला वाईट वाटतं, हंगाम तोंडावर आलाय. ती पूर्वी चालणाऱ्यांत होती, पण मोनॅशच्या फेरतपासणीनंतर प्रमाण अगदी मोजक्या मण्यांवर आलं. बेदाणे तर नकोतच. काजू-पिस्ते बंद, दहा बदाम चालतील. हळद फोडणीत हवी तेवढी घाल, पण हळद-मिऱ्याच्या कॅप्सूल घेऊ नकोस, त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. पोळी गेल्यावर बद्धकोष्ठ वाढलं तर एक चमचा इसबगोल, पेलाभर पाण्यासोबत, त्याहून जास्तीने सुरुवात नको.

आता खरं काम, परत आणायचं. या आहारात सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. बरं वाटू लागलं की माणूस तिथेच थांबतो आणि वर्षभर भात-गाजरावर काढतो. तसं करायचं नाही. एका वेळी एकच गट, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग तीन दिवस मूळ आहार. दूध: पाव कप, अर्धा, एक. गहू: अर्धा फुलका, एक, दोन. लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा वेगळा तपासायचा, गव्हाबरोबर नाही. दोन्हींत फ्रुक्टान असलं तरी पोळी सोसणाऱ्याला कांदा सोसेलच असं नाही. मग छोले, मग फ्लॉवर, मग आंबा. त्रास झाला तर तिथेच थांब, शांत झाल्यावर पुढचा गट घे. चाचणीतला पदार्थ सोसला तरी सगळ्या चाचण्या संपेपर्यंत त्याला रोजच्या ताटात बसवायचं नाही, नाहीतर पुढचा निकाल गढूळ होतो.

आणि मधेच मिसळ नको. एका ताटात मटकी, कांदा-लसणाचं वाटण, बेसनाचा फरसाण, गव्हाचा पाव, वर कच्चा कांदा, बाजूला दही. बरेच गट एकदम, त्यावर मिरचीची तर्री. पोट बिघडलं तर कशाने, हे कुणालाही सांगता येणार नाही. मिसळ सर्वांत शेवटी. तोवर तुला माहीत असेल की पाव सोडायचा की कच्चा कांदा, आणि बहुतेक बाकीची प्लेट तुझीच असेल.

रोज चार ओळी वहीत लिही: काय खाल्लं, किती, त्रास किती वाजता, दहापैकी किती. झोप आणि ताणही लिही, परीक्षेच्या किंवा कामाच्या तिमाहीअखेरच्या आठवड्यात चाचणी घेऊ नकोस. बुधवारच्या गंगाघाटावरच्या बाजाराला जाताना ही यादी खिशात ठेव.

टीटीजीचा अहवाल आला की फोटो पाठव. तोवर पोळी चालू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनायक